विचारा, सांगतो : हॅम्बुर्गचं बंदर आणि अजनीचा डबा

मागच्या अंकात एका वाचकाला उत्तर देताना मी सहज लिहून गेलो, की यंदाही मे महिना नागपुरात न काढता लेकीकडे हॅम्बुर्गला काढला. तिथल्या बंदरावर चार ओळी खरडल्या होत्या. तेवढ्यावर यावेळी टपाल असं आलं, की गुडघेदुखीच्या उपायांची पत्रं पुढच्या महिन्यावर ढकलावी लागली. गुडघेवाल्यांनी रागावू नये.

नवीन वाचकांसाठी सांगतो. मी एकतीस वर्षं नागपुरातल्या अजनीच्या कंटेनर डेपोबाहेर एका क्लिअरिंग एजंटच्या कचेरीत आयात-निर्यातीचे कागद केले. आधी टाइपरायटरवर, मग कॉम्प्युटरवर. हॅम्बुर्ग हे नाव हजारो वेळा टाइप केलं. गाव पाहिलं ते निवृत्तीनंतर, लेक तिथे नोकरीला लागली तेव्हा.

तुम्ही एका ओळीत लिहिता की हॅम्बुर्ग जर्मनीचं सगळ्यात मोठं बंदर, आणि पुढच्याच ओळीत लिहिता की समुद्र तिथून शंभर किलोमीटरवर. यातली एक ओळ छापखान्याची चूक समजायची का? — निवृत्त भूगोल शिक्षिका, धंतोली

बाई, दोन्ही ओळी बरोबर आहेत. तुमच्यासारखाच मीही पहिल्या दिवशी जावयाला विचारलं होतं, "समुद्र कुठे आहे जी?" तो म्हणाला, "गाडीनं दीड तास."

हॅम्बुर्ग एल्ब नदीवर आहे. नदी समुद्राला मिळते ती कुक्सहाफेनजवळ, शहरापासून शंभरेक किलोमीटर खाली. पण उत्तर समुद्राची भरती नदीतून थेट शहरापर्यंत चढते, आणि थोडीथोडकी नाही, साधारण साडेतीन मीटर. लांडुंग्सब्र्युकन नावाचा तिथला धक्का पाण्यावर तरंगतो. भरतीला गेलात तर त्यावर उतरायचा पूल जवळजवळ सपाट असतो, आणि ओहोटीला तोच पूल घसरगुंडीसारखा तिरपा. मी पहिल्या आठवड्यात रोज दोनदा तो पूलच पाहायला जायचो. आपल्या नाग नदीला पाणी चढतं ते पावसात. इथे कोरड्या दिवशी, घड्याळ लावल्यासारखी नदी उलटी वाहते.

मग बंदर समुद्रकाठी न बांधता एवढं आत का? पाण्यावरून माल नेणं रस्त्यापेक्षा नेहमीच स्वस्त, म्हणून जहाज जितकं आत आणता येईल तितकं आणायचं, हा जुना हिशेब. त्याची किंमतही आहे. नदी गाळ आणते, आणि तो बारा महिने उपसत राहावा लागतो. जहाजं मोठी होत गेली तशी नदी खोल करत गेले. नववी मोठी खोदाई अगदी अलीकडे, २०२२च्या सुमारास पुरी झाली. पर्यावरणवाले त्यासाठी कित्येक वर्षं कोर्टात भांडले. एवढं करूनही सगळ्यात जड भरलेल्या जहाजाला भरतीची वेळ गाठूनच यावं-जावं लागतं. बस चुकली तर दुसरी मिळते, भरती चुकली तर बारा तास बसा.

आकडे सांगतो, कारण भूगोलाच्या बाई आकड्यांशिवाय सोडायच्या नाहीत. कंटेनरचा हिशेब वीस फुटी डब्यात करतात. हॅम्बुर्गमधून २०२४ साली असे सुमारे ७८ लाख डबे गेले-आले. युरोपात तिसरा नंबर. वर रॉटरडॅम आणि अँटवर्प-ब्रुज, दोघंही सव्वा कोटीच्या पुढे. आपलं मुंबईजवळचं न्हावाशेवा बंदर २०२३-२४ मध्ये ६४ लाखांच्या आसपास होतं, म्हणजे आपण काही फार मागे नाही. उलट हॅम्बुर्गचा सगळ्यात चांगला काळ २००७चा, जवळपास ९९ लाख डबे. मग मंदी आली. बाल्टिक समुद्रातल्या बंदरांना, रशियालासुद्धा, माल इथून छोट्या जहाजांवर चढून जायचा, तो धंदा पोलंडच्या ग्दान्स्कनं आणि इतरांनी खाल्ला. रशियावरच्या निर्बंधांनी उरलेला बुडाला. जर्मनीनं खोल पाण्याचं नवीन बंदर विल्हेल्म्सहाफेनला, अगदी समुद्राच्या तोंडावर बांधलं, ते २०१२ पासून चालू आहे. तरी हॅम्बुर्गचं दुकान बंद झालं नाही, आणि त्याचं कारण आम्हा अजनीवाल्यांना लगेच कळतं. कारण रेल्वे.

हॅम्बुर्ग हे युरोपातलं सगळ्यात मोठं रेल्वेबंदर. देशात आत जाणाऱ्या डब्यांपैकी निम्मे रेल्वेनं जातात. म्युनिककडे, व्हिएन्नाकडे, प्रागकडे रोजच्या गाड्या सुटतात. न्हावाशेव्याचा डबा जसा साडेआठशे किलोमीटर रूळावरून येऊन अजनीत उतरतो आणि कस्टमचा शिक्का नागपुरात बसतो, तसंच. प्रागजवळ त्यांची 'अजनी' आहे. ती चालवणारी मेट्रान्स कंपनी हॅम्बुर्ग बंदराच्याच कंपनीची.

आता एक गोष्ट जी मला सगळ्यात आवडली. झेक लोकांना समुद्र नाही, आपल्या विदर्भासारखंच. पहिल्या महायुद्धानंतर व्हर्सायच्या तहात त्यांनी काय मिळवलं असेल? हॅम्बुर्ग बंदरातला तुकडा! मोल्डाउहाफेन त्याचं नाव. १९२९ साली ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्यानं चेकोस्लोव्हाकियाला दिला, मुदत २०२८ पर्यंत. मी तिथे जाऊन पाहून आलो. झुडपं वाढलेला, शांत, दोन-चार जुन्या होड्यांचा धक्का. लेक म्हणाली, "बाबा, हे काय पाहायचं ठिकाण आहे?" मी म्हटलं, न्हावाशेव्यात नागपूरच्या नावानं एक फलाट असता, तर मी तिथे दरवर्षी नारळ फोडायला गेलो असतो.

काका, बी. कॉम.च्या प्रोजेक्टसाठी हॅम्बुर्ग घेतलं आहे. 'मुक्त बंदर' म्हणजे नेमकं काय होतं? आणि शहराची अर्थव्यवस्था बंदरावरच चालते का? — विद्यार्थिनी, प्रतापनगर

ताई, मुक्त बंदर म्हणजे कुंपणाच्या आत परदेश. जहाजातून कॉफी उतरली, गोदामात गेली, वर्षभर पडून राहिली, भाजली, निवडली, परत जहाजावर चढून स्वीडनला गेली, तर जर्मन सरकारला एक पैसाही जकात नाही. कुंपणाबाहेर जर्मनीत आली, तरच जकात. आपल्या नागपूरच्या मिहान प्रकल्पातल्या सेझमध्ये, म्हणजे विशेष आर्थिक क्षेत्रात, जो नियम लागतो, त्याचा पणजोबा समजा.

पण गोष्ट तिथून सुरू होत नाही. हॅम्बुर्ग स्वतंत्र नगरराज्य होतं, आजही जर्मनीच्या १६ राज्यांपैकी एक राज्य म्हणजे हे एकटं शहर. पूर्ण नाव 'मुक्त आणि हान्सा नगर हॅम्बुर्ग', आणि गाड्यांच्या नंबरप्लेटवर 'एच एच' असतं ते त्याचंच. हान्सा म्हणजे उत्तर युरोपातल्या व्यापारी शहरांची जुनी युती. १२४१ साली ल्युबेक आणि हॅम्बुर्गनं करार केला, कारण ल्युबेककडे बाल्टिक समुद्राची वाट होती आणि हॅम्बुर्गकडे उत्तर समुद्राची. हॅम्बुर्ग बिअरसाठी इतकं प्रसिद्ध होतं, की त्याला हान्सातली भट्टीच म्हणायचे.

बिस्मार्कनं जर्मनी एक केली, पण हॅम्बुर्गच्या शेटलोकांनी जकातीच्या बाबतीत बाहेर राहायचा हट्ट धरला. बरीच ओढाताण झाली. शेवटी ठरलं, की शहर जर्मन जकात हद्दीत येईल पण बंदराचा एक भाग बाहेर राहील. आता त्या भागात गोदामं हवीत. म्हणून १८८३ पासून दोन भरवस्त्या पाडल्या, वीस हजारांच्या आसपास माणसं उठवली, आणि कालव्यांच्या मधोमध, ओकच्या खांबांवर, लाल विटांची गोदामनगरी उभी केली. श्पायशरश्टाट. १८८८ साली कैसरनं, म्हणजे जर्मन सम्राटानं, येऊन उद्घाटन केलं. प्रत्येक इमारतीला एका बाजूला रस्ता, दुसऱ्या बाजूला पाणी, आणि माथ्यावर माल ओढायची चरखी. इतवारीतल्या धान्याच्या वखारीत पोत्यांच्या थप्प्या पाहिलेल्या माणसाला तिथे परकं वाटत नाही. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका दारातून मिऱ्यांचा वास आला, आणि मी वेड्यासारखा तिथेच उभा राहिलो. आता गोदामं कमी, संग्रहालयं जास्त. गालिच्यांचे व्यापारी आहेत थोडे. २०१५ साली युनेस्कोनं जागतिक वारसा म्हणून नोंद केली. मुक्त बंदर मात्र १ जानेवारी २०१३ ला संपलं. युरोपात सीमाच उठल्यावर आणि माल डब्यातून थेट जायला लागल्यावर कुंपणाचा फायदा कमी, आणि फाटकावरच्या रांगांचा त्रास जास्त झाला होता.

तुमच्या प्रोजेक्टमध्ये एक मजा नक्की घाला. बंदराचा वाढदिवस दरवर्षी मे महिन्यात होतो, लाखो लोक येतात. तारीख ७ मे ११८९. त्या दिवशी सम्राट बार्बारोसानं हॅम्बुर्गच्या जहाजांना समुद्रापर्यंत एल्बवर जकातमाफी दिली, असा दस्तऐवज आहे. आणि इतिहासकारांनी सिद्ध केलंय, की तो कागद बनावट! तेराव्या शतकात शहरवाल्यांनी स्वतः तयार केलेला. एकतीस वर्षं कागदांत घालवलेल्या माणसाला यापेक्षा मोठा आनंद कोणता? आम्ही एक काना चुकलो तर कस्टमवाले माल अडवायचे, आणि इथे बनावट सनदेवर आठशे वर्षं बंदर चाललंय. वर वाढदिवसाची आतषबाजी.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर थोडक्यात : नाही. बंदर पोट आहे, पण हातपाय वेगळे. फिन्केनवेर्डरला एअरबसचा अवाढव्य कारखाना आहे, तिथे ए-३२० जातीची विमानं जुळवतात. लुफ्तान्साच्या विमानांची देखभाल करणाऱ्या कंपनीचं मुख्य ठिकाणही हॅम्बुर्गच. मिहानमध्ये विमानदुरुस्तीचा हँगर उभा राहिला तेव्हा आपल्याकडे जी स्वप्नं पाहिली गेली, ती पाहायची असतील तर तिथे पाहावीत. तांब्याची आउरुबिस कंपनी तिथली, तिच्या भट्टीची वाया जाणारी उष्णता नव्या हाफेनसिटी वस्तीतल्या घरांना पुरवतात. निव्हियाचा निळा डबा तिथला. स्टाइनवे पियानोचा कारखाना १८८० पासून तिथे आहे. देशातली मोठी साप्ताहिकं तिथूनच निघतात. शेअर बाजार म्हणाल तर १५५८चा, जर्मनीतला सगळ्यात जुना. आणि जहाजकंपनी हापाग-लॉइडचं मुख्य कार्यालय आल्स्टर तलावाकाठी. तिची पूर्वज हापाग कंपनी १८४७ची. या कंपनीच्या बिलांवर मी निम्मं आयुष्य काढलं, म्हणून मुद्दाम त्या दारापर्यंत गेलो. रखवालदारानं विचारलं, काय काम आहे? काम काहीच नव्हतं.

अबे, ती 'ओ'ची गोष्ट सांगितली का वाचकांना? की लपवून राहिला? — जुना सहकारी, अजनी

लपवून राहिलो होतो. आता याच्यामुळे सांगावी लागते.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराची गोष्ट. हिंगणघाटकडच्या एका सूतगिरणीचं सूत हॅम्बुर्गला चाललं होतं. पैसे एलसीवर. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : एलसी म्हणजे परदेशी बँकेची हमी, की कागद अक्षर न् अक्षर जुळले तर पैसे मिळतील. माल कसा आहे, पोचला की नाही, हे बँक पाहत नाही. ती फक्त कागद पाहते. मी इन्व्हॉइसवर 'हॅम्बुर्ग'मधल्या 'ए'च्या जागी 'ओ' मारला. होम्बुर्ग! आणि गंमत म्हणजे होम्बुर्ग नावाचं गाव जर्मनीत खरोखर आहे, पार नैर्ऋत्येला, फ्रान्सच्या बाजूला. बँकेनं 'डिस्क्रिपन्सी', म्हणजे तफावत, लावून कागद परत पाठवले. सूत हॅम्बुर्गला उतरून बसलं होतं, पैसे मात्र तीन आठवडे अडकले. गिरणीचे मालक कचेरीत आले, खुर्चीवर बसले, पाणीही प्यायले नाहीत. आमच्या साहेबांनी मला आत बोलावून एवढंच म्हटलं, "अक्षरं दहा हजार मैल जातात, बोट जरा जपून."

नंतर तिथे लेकीच्या घराच्या पत्त्यावर पहिलं पत्र लिहिलं, तेव्हा 'हॅम्बुर्ग' चार वेळा तपासलं. सवय जात नाही.

व्यापाऱ्यांनी चालवलेलं शहर म्हणून तुम्ही कौतुक केलंत. पण साथीच्या इतिहासात हॅम्बुर्गचं नाव फार वाईट कारणासाठी येतं. त्यावर का लिहीत नाही? — सेवानिवृत्त परिचारिका, मेडिकल चौक परिसर

सिस्टर, तुम्ही माझी बरोबर मान पकडली.

१८९२चा ऑगस्ट. हॅम्बुर्गला नळाचं पाणी होतं, युरोपातल्या बऱ्याच शहरांच्या आधी आलं होतं, पण ते एल्बमधून जसंच्या तसं उचललेलं, न गाळलेलं. वाळूतून गाळायचा प्रकल्प खर्चाच्या वादात वर्षानुवर्षं रखडला होता. नेमका बांधून होत आला होता, तोवर कॉलरा आला. पहिले रुग्ण दिसले तेव्हा शहराच्या कारभाऱ्यांनी काही दिवस तोंड उघडलं नाही. कारण जाहीर केलं की बंदरावर क्वारंटाइन, जहाजं अडणार, धंदा बसणार. ते दिवस महागात पडले. काही आठवड्यांत साडेआठ हजारांहून जास्त माणसं गेली, आणि बहुतेक बंदराजवळच्या कोंदट गल्ल्यांतली, जिथे गोदी कामगार राहायचे.

आता शेजारी आल्टोना. तेव्हा ते वेगळं शहर होतं, प्रशियाचं, आणि हॅम्बुर्गमध्ये ते आलं १९३७च्या कायद्यानं. आल्टोनाही एल्बचंच पाणी प्यायचं, तेही हॅम्बुर्गच्या गटारांच्या खालच्या अंगाचं. म्हणजे अधिक घाण. पण ते वाळूतून गाळून. तिथे साथ जवळजवळ शिरलीच नाही. दोन्ही शहरांची हद्द एका रस्त्यावरून जात होती. रस्त्याच्या या अंगाला मृत्यू, त्या अंगाला घरं सुखरूप. बर्लिनहून रॉबर्ट कॉख आले. कॉलऱ्याचा जंतू त्यांनी कलकत्त्यात १८८४ साली दाखवून दिला होता. त्या गल्ल्या पाहून ते हादरले. गाळलेलं पाणी पुढच्या वर्षी, १८९३ ला सुरू झालं.

माझी आई कॉलऱ्याला 'पटकी' म्हणायची, आणि तो शब्द आवाज खाली करून उच्चारायची. आल्टोनात फिरताना तो रस्ता मी शोधत राहिलो. आता दोन्ही बाजूंना कॅफे आहेत.

एवढ्यावर थांबत नाही. बंदराच्या गावावर पाण्याची आणि आगीची नजर कायम. १८४२ साली मोठी आग लागली, चार दिवसांत जुन्या शहराचा जवळपास तिसरा हिस्सा जळाला. १९४३च्या जुलैत दोस्तांच्या बाँबफेकीत तीसेक हजारांवर माणसं मेली. १९६२च्या फेब्रुवारीत एका रात्री उत्तर समुद्राच्या वादळानं बांध फोडले, शहरात ३१५ जण बुडाले. जास्तीत जास्त विल्हेल्म्सबुर्गच्या बेटावरचे, बंदराच्या कामावर जाणारे गरीब. तेव्हा शहराचा पोलीसखात्याचा प्रमुख होता हेल्मुट श्मिट. त्यानं नियम बाजूला ठेवून थेट लष्कराची हेलिकॉप्टरं बोलावली. तो पुढे जर्मनीचा चान्सलर झाला. लेकीच्या शेजारची ऐंशी वर्षांची आजी त्या रात्री छपरावर बसून होती. तिनं मला भिंतीवरची पाण्याची खूण दाखवली. माझ्या डोक्याच्या वर.

आणि बंदर वाढताना गावंही गिळतं. आल्टनवेर्डर नावाचं कोळ्यांचं गाव होतं. आज तिथे २००२ पासून चालणारं कंटेनर टर्मिनल आहे, डबे वाहणाऱ्या गाड्यांना ड्रायव्हरच नाही. बंदरातली बससफर असते, पासपोर्ट दाखवावा लागतो, त्यातून पाहिलं. गावाचं फक्त चर्च राहिलं आहे, झाडांमध्ये.

आपला संत्रा तिकडे विकता येईल काय जी? रस्ता सांगा. — संत्रा उत्पादक, काटोल

भाऊ, खोटं सांगत नाही. कठीण आहे. युरोपला लागते बिनबियांची, घट्ट सालीची संत्री, आणि ती स्पेनमधून ट्रकनं दोन-तीन दिवसांत हॅम्बुर्गच्या बाजारात उतरते. आपली नागपुरी संत्री सैल सालीची. त्यातच तिची गोडी, आणि त्यातच तिचं दुखणं. न्हावाशेव्याहून हॅम्बुर्गला जहाज सुएझमार्गे गेलं तरी तीन-चार आठवडे. तांबड्या समुद्रातल्या हल्ल्यांमुळे २०२३च्या अखेरीपासून बहुतेक कंपन्यांनी जहाजं आफ्रिकेला वळसा घालून नेली, म्हणजे वर दीड-दोन आठवडे. तोवर संत्र्याचं काय होतं हे तुम्हाला मी काय सांगू! आपला माल मुख्यतः बांगलादेशला जायचा, आणि तिथल्या वाढत्या आयातशुल्कानं तुम्हाला किती मारलं तेही तुम्हीच जाणता. ज्यूस, सालीचं तेल, असा टिकणारा माल काढता आला तर वाट आहे.

पण तुम्ही तिथे कधी गेलात, तर बंदर नंतर पाहा, आधी आल्टेस लांडला जा. हॅम्बुर्गला लागून, एल्बच्या काठानं सफरचंदाच्या बागा, दहा हजार हेक्टरांच्या आसपास. वसंतात बहार येतो तेव्हाच रात्री दव गोठतं. मग ते काय करतात, तर रात्रभर फुलांवर पाण्याचे फवारे मारतात. मला वाटलं, डोकं फिरलं यांचं. जावयानं समजावलं : पाणी गोठताना ऊब सोडतं, म्हणून जोवर फवारा चालू तोवर बर्फाच्या आतलं फूल शून्याच्या खाली फार जात नाही. सकाळी अख्खी बाग काचेची. मृग बहार धरणाऱ्या माणसानं हे पाहिलंच पाहिजे.

तिथल्याच शेतकऱ्यांनी एअरबसची धावपट्टी लांबवायला जमीन द्यायचं नाकारलं होतं, कित्येक वर्षं. शेवटी धावपट्टी झाली. मिहानच्या भूसंपादनाच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत त्यांना पुढचं सांगायला नको.

बर्गर तिथलाच का? — इयत्ता आठवी, महाल

नाव तिथलं. हॅम्बुर्गहून लाखो लोक जहाजानं अमेरिकेला गेले, आणि तिथे खिम्याच्या तळलेल्या वडीला 'हॅम्बुर्गवाली' हे नाव चिकटलं. पावात घातली ती अमेरिकेत. हॅम्बुर्गचं स्वतःचं म्हणाल तर पावात मासा, कच्च्या कांद्यासकट. रविवारी पहाटे मासळीबाजारात खातात, तो बाजार १७०३ पासून भरतो. मी तर्री-पोह्यांचा माणूस, मला दालचिनीचा 'फ्रान्त्सब्र्योटशन' आवडला.

मुलगी लॉजिस्टिक्स शिकायला हॅम्बुर्गला चालली आहे. पहिल्यांदाच बाहेर. काय बरोबर देऊ, काय सांगू? — आई, मानेवाडा

ताई, पहिलं म्हणजे तिथे 'गुटन टाग' कमी, 'मॉइन' जास्त. सकाळ असो की रात्र, एकच शब्द. दुकानात शिरताना म्हटला की माणसं नरम पडतात.

दुसरं, पहिल्याच रविवारी तिला ६२ नंबरच्या फेरीबोटीत बसायला सांगा. लांडुंग्सब्र्युकनहून फिन्केनवेर्डरला जाते, बसच्याच तिकिटावर. पर्यटकांच्या बोटीत पैसे घालवायची गरज नाही. डाव्या हाताला क्रेन, उजव्या हाताला आल्टोनाची टेकडी. जहाजावरचे डबे दिसतील, प्रत्येकावर चार अक्षरं आणि सात आकडे. मी गेलो की अजून नंबर वाचत बसतो. न जाणो, एखादा अजनीहून गेलेला असेल. बायको म्हणते, काय शोधून राहिले तुम्ही?

तिसरं. नदीच्या खालच्या अंगाला वेडेलला एक जागा आहे, विल्कोम-ह्योफ्ट. १९५२ पासून येणाऱ्या मोठ्या जहाजांचं तिथे स्वागत करतात, जहाजाचा झेंडा ज्या देशाचा त्याचं राष्ट्रगीत वाजवून. आजकाल मालकाला स्वस्तात पडावं म्हणून जहाजं लायबेरिया, पनामाच्या झेंड्याखाली नोंदलेली असतात, त्यामुळे मी कॉफीच्या एका कपात लायबेरियाचं राष्ट्रगीत दोनदा ऐकलं. 'जन गण मन' ऐकायला बसून राहिलो, आलं नाही. पण याच शहरात, आल्स्टरकाठच्या हॉटेल अटलांटिकमध्ये, ११ सप्टेंबर १९४२ ला नेताजींच्या उपस्थितीत 'जन गण मन' राष्ट्रगीत म्हणून वाद्यवृंदावर वाजलं होतं, स्वातंत्र्याच्या पाच वर्षं आधी. हॉटेल अजून आहे, पांढरंशुभ्र. मुलीला म्हणावं, बाहेरूनच पाहा, आत चहा पिण्याएवढी शिष्यवृत्ती नसते.

समुद्री कायद्याचं आंतरराष्ट्रीय न्यायालयही तिथेच आहे, केरळजवळ आपले मच्छीमार मारले गेले त्या इटालियन जहाजाचा खटला २०१५ साली तिथे गेला होता. लॉजिस्टिक्स शिकणाऱ्या पोरीनं ते जरूर पाहावं.

सामानाचं म्हणाल, तर छत्री देऊ नका. नदीवरचा वारा ती पहिल्याच दिवशी उलटी करतो. टोपीचं, पाणी न झिरपणारं जॅकेट द्या, सीताबर्डीच्या बाजारात मिळेल. कागदांच्या तीन-तीन झेरॉक्स द्या आणि प्रत्येकीवर शहराचं स्पेलिंग तपासून घ्या.